कडक बर्फावर कड सुटते तेव्हा: स्की आणि स्नोबोर्डच्या धारेचा दोष क्रमाने कसा शोधावा

मऊ हिमात उत्तम चालणारी स्की किंवा स्नोबोर्ड कडक बर्फावर आली की वळणाच्या मध्येच बाजूला घसरते, आणि धार लावून घेतल्यावरही काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हा दोष मी स्वतःच्या आणि सोबत्यांच्या साधनांवर इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता कानस हातात घेण्यापूर्वी मी बराच वेळ केवळ पाहण्यात आणि चाचपण्यात घालवतो. कडेची पोलादी पट्टी साधारणपणे २ मिलिमीटर रुंद असते, कानशीने काढलेले पोलाद परत येत नाही, आणि घसरण्याच्या कारणांपैकी पुष्कळ कारणे अशी असतात की त्यांच्यासाठी पोलाद काढण्याची गरजच नसते. म्हणून पुढच्या तपासण्या ज्यांना काहीच खर्च नाही अशांपासून सुरू होतात आणि ज्या घरी करूच नयेत अशांपाशी संपतात.

शब्दांविषयी थोडे आधी सांगतो. या लेखात ‘हिम’ म्हणजे पडलेला किंवा दाबलेला भुसभुशीत थर, आणि ‘बर्फ’ म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा कडक थर. पोलादी कडेला दोन बाजू असतात. तळाला लागून असलेली ती आडवी बाजू, आणि साइडवॉलच्या, म्हणजे साधनाच्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, खाली दिसणारी ती उभी बाजू. या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. आडव्या बाजूला दिलेल्या उताराला बेस बेव्हल आणि उभ्या बाजूला दिलेल्या उताराला साइड बेव्हल म्हणतात.

लक्षणे

‘पकड मिळत नाही’ या एका वाक्यात अनेक वेगवेगळे दोष लपलेले असतात, त्यामुळे साधन नेमके कसे वागते हे आधी लक्षपूर्वक नोंदवावे. वळणाच्या आरंभापासून अखेरपर्यंत कड सतत खरवडत बाजूला सरकत असेल, तर बहुतेक वेळा संपूर्ण धारच बोथट झालेली असते. कड आधी धरते आणि भार वाढल्यावर एकाएकी सुटते, असे असेल तर पायाखालच्या भागात बोथट पट्टा, दगडाचा मार किंवा लोंबती बर (धारेवर राहिलेला पोलादाचा पातळ पापुद्रा) असण्याची शक्यता अधिक असते. साधन खूप कलवल्यावरच पकड लागते आणि तोवर ते तरंगल्यासारखे वाटते, हे लक्षण बेस बेव्हल वाढल्याचे किंवा आडवी बाजू गोल झाल्याचे आहे. याउलट कड अवेळी अडकते, सपाट चालतानाही साधन एकीकडे ओढते आणि वळणातून सहज सुटत नाही, तेव्हा कड तळापेक्षा उंच, म्हणजे बर्फाकडे पुढे आलेली, राहिली आहे का हे पाहावे लागते. एकाच दिशेच्या वळणात घसरण होत असेल तर दोष एका कडेत किंवा एका पायात आहे. आणि धार लावल्यानंतर पकड आधीपेक्षा कमी झाली असेल तर धार लावण्याच्या कामातच चूक झाली आहे. ही तक्रार वाटते त्याहून खूप अधिक वेळा समोर येते.

ज्यांना हत्यार लागत नाही अशा तपासण्या

पहिली तपासणी बर्फाचीच आहे. रात्रभर गोठलेला, निळसर आणि पारदर्शक दिसणारा बर्फ दाबलेल्या हिमासारखी पकड कोणत्याही कडेला देत नाही. त्याच जागी इतरांचीही साधने घसरत असतील आणि उतार थोडा मऊ झाल्यावर आपली तक्रार आपोआप थांबत असेल, तर दोष शोधण्याची घाई करू नये.

दुसरी तपासणी स्कीवाल्यांसाठी आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण लेखात तिच्याइतकी उपयुक्त फुकट तपासणी दुसरी नाही. डावी स्की उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घालून त्याच उतारावर पुन्हा जावे. वळणात बाहेरच्या पायावर अधिक भार असतो, त्यामुळे दोन्ही स्कींच्या आतल्या कडा लवकर झिजतात. अदलाबदल केल्यावर कमी झिजलेल्या बाहेरच्या कडा आत येतात. पकड लगेच सुधारली तर आतल्या कडा बोथट आहेत हे निश्चित झाले. घसरण स्कीबरोबर दुसऱ्या पायाकडे गेली तर दोष त्या स्कीत आहे, आणि घसरण त्याच पायाशी राहिली तर तो बुटात किंवा उभे राहण्याच्या पद्धतीत शोधावा. स्नोबोर्डवर अशी अदलाबदल करता येत नाही. तिथे टाचेकडची आणि बोटांकडची कड यांची तुलना नखाने करावी, ती रीत पुढे दिली आहे.

तिसरी तपासणी बूट आणि बाइंडिंगची, म्हणजे बूट साधनाला जखडून ठेवणाऱ्या जोडणीची. नडगी बुटात पुढेमागे किंवा बाजूला हलत असेल, अथवा स्नोबोर्डच्या बुटात टाच वर उचलली जात असेल, तर गुडघ्याने दिलेला कल कडेपर्यंत पोहोचतच नाही, आणि अशा वेळी कितीही तीक्ष्ण धार लावली तरी काही बदलत नाही. स्नोबोर्डच्या बाइंडिंगचे स्क्रू ढिले झाले आहेत का हे याच वेळी पाहून घ्यावे. तसेच बर्फ दिसताच शरीर डोंगराकडे झुकवण्याची ओढ जवळजवळ प्रत्येकाला असते. त्या झुकण्याने बाहेरच्या पायावरचा भार निघून जातो, आणि भार नसलेली कड बर्फात रुतत नाही.

साधनाची रुंदीही येथेच विचारात घ्यावी. स्कीची कंबर (मधला अरुंद भाग) रुंद असेल तर बुटाच्या मध्यातून येणारा भार कडेपासून दूर पडतो आणि तो स्कीला पुन्हा सपाट करू पाहतो. मऊ हिमासाठी बनवलेली, टोके वर उचललेली रुंद स्की बर्फावर अरुंद स्कीसारखी वागत नाही. हा तिचा स्वभाव आहे, आणि तो कानशीने बदलत नाही.

नख, प्रकाश आणि कापूस

आता साधन कोरडे पुसून चांगल्या प्रकाशात आडवे ठेवावे. नखाचा पृष्ठभाग धारेवर आडवा, म्हणजे धारेला काटकोनात, हलकेच ओढावा. तीक्ष्ण धार नखाचा पांढरा कीस काढते, बोथट धारेवरून नख नुसते घसरते. बोट धारेच्या लांबीच्या दिशेने कधीही फिरवू नये, कारण चांगली कड त्वचा सहज कापते. ही चाचणी एकाच जागी करून समाधान मानू नये. पायाखाली, पायाच्या पुढे, पायाच्या मागे आणि टोकांजवळ अशा निदान चार ठिकाणी ती करावी, कारण पायाखालचा भाग बोथट आणि बाकी कड उत्तम, ही अवस्था नेहमीच आढळते.

त्यानंतर दिव्याकडे तोंड करून धारेकडे पाहावे. तीक्ष्ण धारेची रेषा प्रकाश परावर्तित करत नाही. जिथे पांढरी चकाकती रेघ दिसते तिथे धार गोल झालेली आहे. शेवटी कापसाचा छोटा बोळा कडेवरून दोन्ही बाजूंनी फिरवावा. तंतू अडकले तर तिथे बर आहे, म्हणजे पोलादाचा पातळ, वाकलेला पापुद्रा धारेवर लोंबतो आहे. बर असलेली कड हाताला कमालीची तीक्ष्ण लागते, पण बर्फावर भार पडताच तो पापुद्रा दुमडतो आणि कड सुटते. ताजी धार लावलेले साधन अधिक घसरते याचे सर्वांत साधे कारण हेच आहे.

गंज, बर आणि दगडाचा मार

वरवरचा नारिंगी गंज मऊ रबरी दगडाने किंवा बारीक डायमंड स्टोनने (हिऱ्याचे कण बसवलेल्या घासण्याच्या पट्टीने) एक-दोन हात फिरवताच निघतो. तो पुन्हा येऊ नये म्हणून दिवसाच्या शेवटी कडा कोरड्या पुसाव्यात आणि ओल्या पिशवीत साधन बंद करून ठेवू नये. गंजाने पोलादात खड्डे पडले असतील तर ते पुढच्या टप्प्यात उभ्या बाजूवर काम करतानाच जातील.

दगडाच्या माराकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते. कड दगडावर आपटली की घर्षणाने तो ठिपका क्षणभर अतिशय तापतो आणि लगेच थंड होतो, त्यामुळे तेथील पोलाद आजूबाजूच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण होते. अशा ठिकाणी कानस चावत नाही, किंचाळल्यासारखा आवाज करत वरून घसरते आणि तिचे दात बोथट होतात. म्हणून कानशीच्या आधी भरड डायमंड स्टोन पाण्याने ओला करून फक्त त्या ठिपक्यावर, कोन साधणाऱ्या गाइडसह, फिरवावा. कठीण झालेला थर निघाला की स्टोनचा आवाज बदलतो. तो बदल ऐकायला एकदा शिकले की डोळ्यांची फारशी गरज राहत नाही. मार बसलेली जागा पूर्णपणे सपाट झालीच पाहिजे असा हट्ट धरू नये. एक खोल खाच काढून टाकण्यासाठी संपूर्ण कडेचे पोलाद घालवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. खाचेचे टोकदार ओठ गेले की पुरे.

उभी बाजू: धार लावण्याचे खरे काम

येथपर्यंत पकड परत आली नसेल तर उभ्या बाजूला धार लावावी लागते. प्रथम कोन निश्चित करावा. उत्पादकाने दिलेला कोन माहीत असेल तर तोच ठेवावा. सर्वसाधारण वापराच्या स्कीवर बेस बेव्हल साधारण १ अंश आणि साइड बेव्हल १ ते ३ अंश असतो, म्हणजे उभ्या बाजूचा कोन ८९ ते ८७ अंश येतो. स्नोबोर्डवर साइड बेव्हल बहुधा १ किंवा २ अंश असतो. शर्यतीच्या स्कीवर ३ अंश किंवा त्याहून अधिक साइड बेव्हल आणि अर्धा अंश बेस बेव्हल असतो हे ऐकून अनेक जण तोच कोन स्वतःच्या स्कीवर करून घेतात. अधिक तीव्र कोन बर्फात चांगला रुततो हे खरे आहे, परंतु त्या धारेमागे पोलाद कमी असते, ती लवकर बोथट होते आणि वारंवार कानस मागते. रोज धार लावण्याची तयारी नसेल तर २ अंशांवर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोन कळला तरी कानस खरोखर कुठे लागते आहे हे कळत नाही, आणि घरच्या कामात सर्वाधिक चूक इथेच होते. त्यासाठी उभी बाजू काळ्या मार्करने पूर्ण रंगवावी आणि गाइडला लावलेली कानस एकदाच हलकेच फिरवून शाई कुठून गेली ते पाहावे. शाई पट्टीच्या पूर्ण रुंदीत गेली असेल तर कोन जुळला. फक्त साइडवॉलकडच्या भागातली शाई गेली आणि धारेजवळची तशीच राहिली, तर गाइडचा कोन सध्याच्या कोनापेक्षा अधिक तीव्र आहे आणि धारेपर्यंत पोहोचण्यापूर्वी बरेच पोलाद काढावे लागेल. फक्त धारेजवळची शाई गेली तर गाइडचा कोन कमी तीव्र आहे. अशा वेळी कड थोड्याच हातांत तीक्ष्ण लागू लागते खरी, पण तिचा मूळ कोन बिघडत जातो. आणि शाई कुठूनच गेली नाही तर कानस पोलादावर नाही, साइडवॉलच्या प्लास्टिकवर चालली आहे. असे कितीही हात मारले तरी धारेला काहीच होत नाही, फक्त कानशीचे दात प्लास्टिकने भरतात. कोन जितका तीव्र, तितके साइडवॉल अधिक मागे कापलेले असावे लागते. ते काम साइडवॉल रंध्याने पातळ साली काढत करता येते. मात्र ज्या साधनाचे वरचे आवरणच वळून कडेपर्यंत खाली आलेले असते, त्यावर हा रंधा प्रथमच वापरणाऱ्याने चालवू नये.

कानशीचे दात एकाच दिशेने कापतात, त्यामुळे ती त्याच दिशेने चालवावी आणि परत नेताना उचलावी. स्कीचे ब्रेक रबराने मागे बांधून ठेवावेत, साधन घट्ट पकडात बसवावे, हातात मोजे असावेत. दाब हलका, हात लांब आणि एकावर एक थोडा चढणारा असावा. प्रत्येक काही हातांनंतर दातांमधला कीस तारेच्या ब्रशने काढावा, कारण अडकलेला कीस पोलादावर ओरखडे पाडतो. शाई पूर्ण गेली आणि नखाने कीस निघू लागला की कानस बाजूला ठेवावी. ‘अजून थोडे’ या मोहाने काहीच मिळत नाही.

त्यानंतर त्याच गाइडमध्ये डायमंड स्टोन ओला करून भरडाकडून बारीककडे जावे. कानशीने उमटलेल्या सूक्ष्म खाचा धारेवर करवतीसारख्या राहतात आणि बर्फावर आधी त्याच तुटतात, म्हणून गुळगुळीत केलेली धार अधिक दिवस टिकते. उभ्या बाजूवर काम करताना पोलादाची बर आडव्या बाजूकडे वळते. ती काढण्यासाठी बारीक स्टोन बेस बेव्हलच्या गाइडमध्ये ठेवून आडव्या बाजूवर एक-दोन अगदी हलके हात द्यावेत आणि पुन्हा कापसाने पाहावे. आडव्या बाजूला याहून अधिक काहीही करू नये.

टोकांचे काय, असाही प्रश्न येतो. टोके अडकू नयेत म्हणून ती मुद्दाम बोथट करण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यही आहे, पण केवळ त्या भागापुरती जो साधन कलवल्यावर हिमाला टेकत नाही. एका सोबत्याच्या स्नोबोर्डवर कोणीतरी दोन्ही टोकांकडून हातभर आतपर्यंत कड गोल केली होती. बर्फावर धरणारी लांबीच त्यामुळे कमी झाली होती, आणि तो बिचारा आपल्या पायांना दोष देत होता.

आडवी बाजू आणि तळ: येथे फक्त पाहावे

आडव्या बाजूबद्दल मी इतका सावध का आहे, ते आकड्यांतून दिसेल. २ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर १ अंशाचा बेव्हल म्हणजे धार तळाच्या पातळीपेक्षा सुमारे ०.०३५ मिलिमीटर वर, बर्फापासून दूर, उचललेली असते. ही उंची माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. हाताने, गाइडशिवाय आडव्या बाजूवर फिरवलेली कानस एवढे अंतर दोन-चार हातांत दुप्पट करते. उभी बाजू बिघडली तर ती पुन्हा घासून सुधारता येते, परंतु आडव्या बाजूवरचा प्रत्येक हात बेव्हल वाढवतच नेतो, आणि तो कमी करण्याचा एकच मार्ग आहे: यंत्रावर संपूर्ण तळ घासून कडेच्या पातळीपर्यंत खाली आणणे. बेव्हल जितका वाढेल तितके साधन अधिक कलवल्याशिवाय धार बर्फाला लागत नाही, आणि ‘तरंगल्यासारखे वाटते’ ही तक्रार तिथून येते.

तळाची सपाटी पाहण्यासाठी अचूक पोलादी सरळपट्टी तळाच्या रुंदीवर, तिच्या बारीक बाजूवर उभी धरावी आणि तिच्या मागे दिवा ठेवावा. प्रकाश मध्यभागातून येत असेल तर कडा तळापेक्षा उंच आहेत आणि साधन अडकणार. प्रकाश दोन्ही कडांच्या आसपासच्या रुंद पट्ट्यातून येत असेल तर तळ मध्ये फुगलेला आहे आणि पकड उशिरा लागणार. फक्त पोलादापाशी दिसणारी अगदी बारीक फट म्हणजे बेस बेव्हल. ती असायलाच हवी. पट्टी पुढून मागे ठिकठिकाणी लावावी, आणि तळावरचे मेण आधी खरवडून घ्यावे, नाहीतर आपण मेणच मोजतो.

स्कीच्या जोडीसाठी आणखी एक तपासणी आहे. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धराव्यात. पारंपरिक कॅम्बरच्या, म्हणजे मध्ये कमानीसारख्या उचललेल्या, स्कींत मध्ये फट दिसते. ही फट जवळजवळ नाहीशी झाली असेल तर स्कीचा ताण गेला आहे, आणि टोकांकडच्या कडेवर पुरेसा दाब येणार नाही. अशा जुन्या स्कीवर धारेचा खर्च करत राहण्यात अर्थ नाही.

पोलादी कड स्कीला मुळातच नव्हती. लाकडाच्या कडा बर्फावर गोल होत, म्हणून साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर यांनी पोलादाचे छोटे तुकडे स्क्रूने लाकडावर बसवण्याची रचना केली आणि १९२६ मध्ये तिचे पेटंट घेतले. धार गोल होणे हाच प्रश्न तेव्हा होता आणि आजही तोच आहे.

कुठे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरचे काम त्याच क्षणी थांबवून साधन कार्यशाळेत द्यावे. कड तळापासून सुटून बाहेर आलेली असेल किंवा तिचा तुटलेला तुकडा जागेवरून सरकलेला असेल. न सरकलेली केसासारखी चीर मात्र बहुधा निरुपद्रवी असते. साइडवॉल आणि थर उकलले असतील किंवा आतला गाभा दिसत असेल, कारण त्यातून पाणी शिरते आणि साधन आतून कुजते. तळ फुगलेला किंवा खोलगट निघाला असेल, बेस बेव्हल वाढला असेल, वा पोलादाची पट्टी घासून घासून १ मिलिमीटरच्या आसपास उरली असेल. या शेवटच्या अवस्थेत कार्यशाळाही बहुधा साधन बदलायलाच सांगेल. स्कीच्या बाइंडिंगची पाय सुटण्याची मोजमापे घरी कधीही हलवू नयेत. तो पकडीचा प्रश्न नाही, गुडघ्याचा आहे. आणि उभ्या बाजूला शाईच्या चाचणीसह नीट धार लावून, बर काढूनही सलग दोन वेळा तीच घसरण झाली, तर तिसऱ्यांदा कानस घेऊ नये.

कार्यशाळेत देताना ‘धार लावा’ एवढेच सांगू नये. लक्षण कोणते, कोणत्या कडेवर, सध्याचे कोन किती आणि हवे असलेले किती, हे कागदावर लिहून द्यावे, आणि तळ गरजेपुरताच घासावा अशी विनंती करावी. एकदा माझी स्की परत आली तेव्हा तळ आरशासारखा होता, पण दोन्ही कडांवर बर तशीच होती. तेव्हापासून मी साधन ताब्यात घेताना तिथेच नख आणि कापूस फिरवून पाहतो. पुढे प्रत्येक कडक दिवसानंतर बारीक डायमंड स्टोनचे तीन-चार हलके हात उभ्या बाजूवर दिले, तर कानशीची पाळी फार क्वचित येते.